बंदुकीचा पल्ला आणि कंपनीची पट्टी

शेखर असताना कंपनीची टाचणीसुद्धा गेटबाहेर जाणार नाही, असं चाकणच्या त्या कारखान्यात कुणीही सांगितलं असतं. सगळ्यात आधी शेखरनेच! तो क्वालिटीचा इंजिनिअर. मोजायचं साधन जागेवर दिसलं नाही, की लगेच मेमो!

वाकडच्या फ्लॅटमध्ये मात्र हाच गृहस्थ सेनापती. जेवणाच्या टेबलावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या गारद्यांच्या पलटणी, बोटाएवढे खेळण्यातले शिपाई, खांद्याला खांदा लावून रांगेत उभे. लढाईचे नियम त्याने स्वतः लिहिलेले, छत्तीस पानं! बंदुकीचा पल्ला वीस सेंटिमीटर म्हणजे वीसच. पण समोरून खेळणारा शेजारचा कुलदीप बायकोचा शिवणाचा टेप आणायचा आणि हवा तसा ताणायचा.

"लागली की राव गोळी!"

"इतका ताणलास तर हिंजवडीतही लागेल!"

शेवटी शनिवारी शेखरने कंपनीची प्रमाणित स्टीलपट्टी गुपचूप बॅगेत टाकली. फक्त रविवारपुरती! सोमवारी ती टेबलावरच राहिली, आणि नेमकं त्याच दिवशी मोजमापाच्या साधनांचं ऑडिट.

पट्टी गायब! शोधायला पुढे कोण? शेखर! दोन तास त्याने माणसांना मशिनखाली वाकायला लावलं. मग कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन.

"स्वरूपा, टेबलावरची पट्टी—"

"आहे तिथेच आहे. शिपाई हलवू नका म्हणालात ना? अहो, आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतोय!"

तेवढ्यात प्लँटचे साहेब नानासाहेब गरजले. टूलरूमची किल्ली नवनाथकडे, म्हणजे चोर नवनाथच. खेडकडचा, दोन लेकरांचा बाप, सहा वर्षं कंत्राटावर.

"याच महिन्यात पर्मनंट करणार होतो ना याला? राहू द्या!"

"साहेब, म्या न्हाई नेली," नवनाथ पुढे येत म्हणाला. "शेखरसाहेबांना इचारा. त्यांना ठावं हाय मी कसा हाय."

शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम बारावा त्याचाच: शिपाई पडत असताना सेनापती मागे लपला, तर डाव हरला.

"पट्टी माझ्या घरी आहे," तो पुटपुटला.

ऑडिटरने पेन उघडलं. "कशासाठी नेलीत?"

"बंदुकीचा पल्ला मोजायला."

सगळं ऑफिस खो खो हसलं. शेखरने खालमानेने स्वतःवरच मेमो लिहिला. मेमोचा नमुनाही त्यानेच बनवलेला!

नवनाथ पर्मनंट झाला. पेढा द्यायला आला, तेव्हा हळूच म्हणाला, "साहेब, राग नका मानू. पण गोळी लागली व्हती का?"

"लागली रे," शेखर पेढ्याकडे बघत म्हणाला. "माझ्याच सेनापतीला."