लिफ्टची प्रात्यक्षिक परीक्षा

सुखसागर सोसायटीच्या लिफ्टने समुपदेशनाच्या पदविकेला प्रवेश घेतला तेव्हा अडचण एकच होती, तिला वर्गात येता येत नव्हतं. मग वर्गच तिच्याकडे आला. दर शनिवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जात, लिफ्टचं दार उघडं ठेवलं जाई आणि वैजयंती इंगवले मॅडम कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर पुस्तक ठेवून शिकवत.

कोल्हापुरात याचं कुणाला फार नवल वाटलं नाही. लिफ्ट बोलत होतीच. 'कृपया दरवाजा बंद करा' एवढं एकच वाक्य घेऊन ती आली होती, पण वर्षानुवर्षं माणसांची ने-आण केली की कुणाचीही भाषा सुधारते. तक्रार तिच्या बोलण्याची नव्हतीच. तक्रार थांबण्याची होती. कुणाच्या मनात काही सलत असलं की ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबायची, "काय झालं?" म्हणून विचारायची आणि सांगितल्याशिवाय हलायची नाही. माणसं आत रडायची, नाकं शिंकरायची आणि हलकी होऊन बाहेर पडायची. तोवर घरात दूध उतू गेलेलं असायचं.

मनातलं तिला कळायचं ते वजनावरून. आत पाटी होती, सहा माणसं. पण कदमांची सून, अंगानं नुसती काडी, ती एकटी आत शिरली तरी एखाद्या दिवशी जादा वजनाची घंटा वाजायची. लिफ्टवाल्या मेकॅनिकने दोनदा काटा तपासला. काटा बरोबर होता. सुनेचं माहेर बंद झालं होतं.

त्या वर्षी नियम निघाला की शिक्षण घेतल्याखेरीज कुणीही समुपदेशन करायचं नाही. नियम तसा रास्तच. गल्लोगल्ली लोक दोन दिवसांचं शिबिर करून मनं जुळवून देण्याच्या पाट्या लावत होते. सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब चौगुले यांनी सभा बोलावली.

"हे बघा," ते म्हणाले, "लिफ्टवर माझा राग न्हाई. माझ्या पोराचं लगीन मोडलं तवा तिनंच मला सावरलं. पर नियम म्हंजे नियम. एकतर तिनं परीक्षा पास व्हावी, न्हाईतर वर्ष संपलं की भंगारात घालू आणि मुकी लिफ्ट आणू."

ठराव एकमताने मंजूर झाला. लिफ्टने सभेचं बोलणं जिन्यातून ऐकलं आणि त्याच आठवड्यात चौगुल्यांच्या हातून प्रवेशअर्ज भरला.

आता खरा पेच मॅडमचा होता. गावात पदविकेच्या परीक्षक त्या एकट्या, आणि राहायच्या त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर. प्रशिक्षकाने विद्यार्थ्याशी दुसरं कुठलंही नातं ठेवायचं नाही हा या धंद्यातला पहिला धडा. तो त्यांनी स्वतः बावीस तुकड्यांना शिकवला होता. रोज जिच्यात बसून भाजी घेऊन वर जायचं तिलाच गुण कसे द्यायचे? संस्थेच्या समितीने दोन बैठका घेऊन तोडगा काढला. मॅडमनी वर्षभर जिना वापरावा, म्हणजे लिफ्टशी त्यांचं नातं फक्त गुरू-शिष्याचं राहील. मॅडमचे गुडघे या निर्णयाच्या विरोधात होते, पण गुडघ्यांना समितीत मत नव्हतं.

मॅडमच्या यजमानांना मात्र नियम लागू नव्हता. दिनकरराव साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, हृदय नाजूक, डॉक्टरांनी जिना बंद केलेला. ते सकाळी पेपर आणायला म्हणून लिफ्टने खाली जात आणि अर्ध्या तासाने वर येत. घरात हा माणूस म्हणजे अबोल्याचा पुतळा. 'आमटीत मीठ कमी आहे' हे त्यांचं दिवसातलं सर्वांत लांब भाषण. पण मॅडम पिशव्या सावरत जिना चढत असल्या की भिंतीपलीकडून, तिसऱ्या-चौथ्याच्या मधून, त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू येई. शब्द कळत नसत. नुसती गुणगुण, मध्येच हसणं. एकदा तर ते खूप वेळ बोलत होते, आणि मॅडम पिशवी पायरीवर ठेवून उभ्या राहिल्या. मग कुणी पाहील म्हणून चालू लागल्या. सगळ्या शहराचं ऐकून घेणाऱ्या बाईचा नवरा लिफ्टशी बोलतो, याला आपल्याकडे दिव्याखाली अंधार म्हणतात. मॅडमना ती म्हण ठाऊक होती आणि ती त्यांना लागायची.

त्याच वर्षी श्रावणात दिनकरराव गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता, जसे जगले तसे. मॅडमनी पुढच्याच शनिवारी वर्ग घेतला. धडा नेमका शोकाचा होता. त्यांनी तो नीट शिकवला, फळ्यावर टप्पे लिहिले, प्रश्नांना उत्तरं दिली. लिफ्टने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. तिचं दार मात्र तास संपल्यावरही बराच वेळ उघडं राहिलं. मॅडम जिन्याने वर गेल्या.

शिक्षण चालू राहिलं. विद्यार्थिनी म्हणून लिफ्ट फार हुशार नव्हती, पण चिकाटीची होती. पहिल्या रोल प्लेमध्ये वर्गातली एक मुलगी तिच्यात उभी राहून सासूच्या जाचाचं दुःख सांगत होती, ऐन रडण्याच्या क्षणी लिफ्ट सवयीने म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करा." त्यावर वर्गात तासभर चर्चा झाली. निम्म्यांचं म्हणणं, हा सल्ला झाला आणि सल्ला द्यायचा नसतो. उरलेल्यांना तो सल्ला पटला होता. विद्यार्थ्याने स्वतःही समुपदेशन घ्यावं असा नियम असतो. लिफ्टने ते एका जुन्या दवाखान्यातल्या लिफ्टकडून इंटरकॉमवर घेतलं. आत काय बोलणं झालं ते अर्थातच कुणाला माहीत नाही. फक्त त्यानंतर तिचा दुसऱ्या मजल्यावरचा जुना हिसका गेला.

सर्वांत अवघड गेली ती संमती. "समोरच्याचं भलं होतंय म्हणून त्याला कोंडून ठेवायचं नसतं," मॅडम सांगत. "आधी विचार. नाही म्हणाला तर सरळ मजल्यावर सोड." लिफ्टला हे पटायला दिवाळी उजाडली. पण पटलं. त्यानंतर घंटा वाजली तरी ती फक्त विचारायची, "थांबू का?" लोक "नको, आज घाई आहे" म्हणायचे आणि ती निमूट वर जायची. गंमत अशी की दोन-चार दिवसांनी तेच लोक स्वतःहून येऊन "आज थांब जरा" म्हणू लागले.

परीक्षा ठेवली वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी. नियमाप्रमाणे परीक्षकाने स्वतः क्लायंट होऊन आत बसायचं. चौगुल्यांनी आत एक स्टूल ठेवलं, उदबत्ती लावली, आणि मॅडमनी हरकत घेतल्यावर ती विझवली.

"मॅडम, तुमी जाणत्या," ते हळूच म्हणाले. "पर तिच्याबिगर इमारत सुनी होईल ओ."

वर्षभराने मॅडमनी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं. आत त्या एकट्या होत्या, हातात एक पेन. जादा वजनाची घंटा वाजू लागली.

चौगुल्यांनी मान दुसरीकडे वळवली. जिन्यात उभी असलेली कदमांची सून चपला बघू लागली. घंटा थोडा वेळ वाजली आणि मग लिफ्टने ती स्वतःच बंद केली.

"कृपया दरवाजा बंद करा," ती म्हणाली. मॅडमनी दार ओढलं. लिफ्ट वर निघाली. तिसरा मजला मागे पडला.

"थांबू का?"

"परीक्षा आहे. थांब."

लिफ्ट थांबली. पंखा मंद फिरत होता. मॅडम स्टुलावर बसल्या. परीक्षेसाठी त्यांनी एक खोटी अडचण तयार करून आणली होती, मुलीच्या शिक्षणाची. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"इंगवले साहेब तुझ्याशी काय बोलायचे?"

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

"मी त्यांची बायको आहे."

"हो."

"ते आता नाहीत. त्यांना काय फरक पडतो?"

"तुम्हीच शिकवलंत," लिफ्ट म्हणाली. "क्लायंट गेला तरी त्याने ठेवलेला विश्वास जात नाही. जूनमधला तास."

मॅडमना तो तास आठवत होता. उदाहरण म्हणून त्यांनी एका मेलेल्या वकिलाची गोष्ट सांगितली होती आणि वर्ग हसला होता. आता त्यांना हसू येत नव्हतं. त्यांना राग आला, एवढा की कान तापले.

"एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल काही म्हणायचे का? हो की नाही, एवढंच."

"नाही सांगता येणार."

"मी तुला नापास करू शकते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"उद्या सभा आहे. भंगारवाला सुद्धा ठरलाय."

"चौगुले साहेब त्याच्याशी माझ्यातच उभे राहून फोनवर बोलले," लिफ्ट म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मग ती म्हणाली, "मला भंगारात जायचं नाही, मॅडम. मला इथं आवडतं. पण ते सांगता येणार नाही."

मॅडमना आधी वाटलं होतं की ती सांगेल, आणि सांगितलं तर आपण सुटू. आता त्यांच्या लक्षात आलं की तिने सांगितलं असतं तर दिनकरराव पुन्हा एकदा गेले असते. या माणसाने आयुष्यात एकच जागा शोधली होती जिथं तो घडाघडा बोलला. ती जागा शाबूत होती. तिथलं एक अक्षरही बाहेर आलं नव्हतं, बायकोसाठी नाही आणि जीव वाचवायला नाही. मॅडमना अचानक फार बरं वाटलं. त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"पास," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्गात पास."

"थँक्यू, मॅडम."

लिफ्ट चौथ्या मजल्यावर गेली. समोर त्यांच्या घराचं दार, दाराला पितळेची पाटी, पाटीवर अजून दोघांची नावं. उतरायला म्हणून मॅडम उठल्या, आणि दाराला हात लावून तशाच उभ्या राहिल्या.

"आता मी परीक्षक नाही ना?"

"निकाल लागला, मॅडम. आता तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या."

मॅडम परत स्टुलावर बसल्या. लिफ्ट आपणहून खाली सरकली नाही. तिने विचारलं, "थांबू का?"

"खाली घे थोडी. ते थांबायचे तिथं."

लिफ्ट अर्धा मजला खाली आली. मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला.

"आधी आमटीचं सांगते," त्या म्हणाल्या. "मीठ कधीच कमी नसायचं. ते तसं म्हणायचे, कारण दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. आणि मी रोज नुसतं मीठ वाढत राहिले."

खाली चौगुले बटण दाबून वाट बघत होते. बरोबर गॅसवाला होता, खांद्यावर सिलिंडर. वरचा दिवा तीन आणि चारच्या मध्ये अडकलेला पाहून चौगुल्यांनी बटणावरचं बोट काढलं. जिन्यातून गुणगुण ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते. मध्येच हसण्याचा आवाज आला.

"अडकली का ओ?" गॅसवाल्याने विचारलं.

"न्हाई. चालू हाय," चौगुले म्हणाले. "चल, जिन्यानं जाऊ. हळू बोल."

दुसऱ्या दिवशी सभेत लिफ्ट ठेवायचं एकमताने ठरलं. बहुतेक मंडळी हल्ली जिन्यानेच ये-जा करत असल्यामुळे जिन्यात आणखी दोन बल्ब लावायचंही ठरलं. सभा संपल्यावर मॅडम लिफ्टने वर गेल्या. आत त्या होत्या, चौगुले होते, कदमांची सून होती आणि तिचं माहेराहून आलेलं भलंमोठं बोचकं. घंटा वाजली नाही.