रांजणगावचं अरेच्चा

आमच्या कंपनीला कल्पना जर्मनीत सुचते, पण त्या कल्पनेवरचं "अरेच्चा!" रांजणगावात म्हटलं जातं, आणि ते मी म्हणतो.

तिकडे नवल फार महाग पडतं म्हणे. म्हणून सुचणं जर्मनीत, तपासणं कोरियात आणि नवल आमच्याकडे. फोन येतो, तिकडचा माणूस त्याच्या भाषेत बोलतो. मला ओ की ठो कळत नाही. तो थांबला की मी म्हणतो, "अरेच्चा!" मग कल्पना पक्की धरतात. मी शाळेत गेलो नाही, त्यामुळे मला कशाचंही नवल वाटतं. याच गुणावर घेतलं मला.

अट एकच. घरी अरेच्चा म्हणायचं नाही. ज्यावर म्हणू, ते कंपनीचं होतं.

थोरल्या अक्कानं घर बांधलं, तेव्हा मी गच्चीपर्यंत सगळं पाहिलं आणि म्हणालो, "बरं आहे." अक्का रुसली. येणं बंद, बोलणं बंद.

मध्यंतरी एकदा दार उघडलं तर अक्का! तोंड फुगलेलं.

"इकडनं चालले होते. पाणी पिते नि जाते."

बायको मागून कुजबुजली, "अहो, बोला काहीतरी. आता गेल्या तर गेल्याच."

"त्याला कसलं नवल?" अक्का म्हणाली. "त्याचं नवल जर्मनीला जातं." आणि तिनं चप्पल पुन्हा पायात सरकवली.

माझ्या तोंडून निसटलं, "अरेच्चा! अक्का!"

ती राहिली मुक्कामाला.

सकाळी कंपनीत टिळेकर मॅडमनी बोलावलं. "सोपानकाका, काल घरी म्हणालात. जर्मनीला पोचलं."

"चुकून गेलं, मॅडम."

"त्यांना आवडलंय. रुसलेल्या बहिणीनं अचानक दारात येणं, ही आता कंपनीची कल्पना. अक्कांना पुन्हा यायचं तर परवानगी लागेल."

"कधी मिळेल?"

"आधी कोरियाचं होऊ द्या. तिथल्या बहिणी येऊन बघतायत."

एवढं एक नवल वाटण्याचं काम, तेही मला धड जमलं नाही. घरी आलो तर अक्का कणीक मळत होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे एकदा गेले की येता येणार नाही?"

"परवानगीशिवाय नाही, अक्का."

तिनं कणकेवर पाण्याचा हबका मारला. "मग जाते कशाला, मुडद्या? त्या खोलीतलं तुझं अंथरूण उचल."

हल्ली मी स्वयंपाकघरात झोपतो. कोरियाचं अजून झालेलं नाही, असं मॅडम म्हणतात. मीही घाई करत नाही.