हाउकेची झाडलोट

"सहा महिन्यांत या पोरीला असं वळण लावते, की तिची सख्खी आई ओळखायची नाही!"

चर्चमधल्या कॉफीच्या टेबलावर अल्मुट बेरेन्सनं सर्वांदेखत जाहीर करून टाकलं. पोरगी म्हणजे लॉरेल. अमेरिकेतल्या नेब्रास्काहून एका सत्रापुरती जर्मन शिकायला आलेली. ब्रेमेनजवळच्या त्या गावात अशी परदेशी मुलं घरोघरी उतरत आणि बाकीच्या यजमानीणबाया त्यांना 'कृपया' नि 'धन्यवाद' शिकवून समाधान मानत. अल्मुटला असल्या बायांची कीव यायची. भाषा काय, पोपटही शिकतो!

वळण पहिल्याच सकाळी सुरू झालं. लॉरेल नाश्ता करून उठली आणि खरकटी बशी टेबलावरच राहिली.

"ही बशी काय पायांनी चालत जाणार आहे?" अल्मुट कडाडली. "काम दिसलं की हात लावायचा, विचारत बसायचं नाही! की हात गावाला गेलेत?"

लॉरेलला तिकडे अमेरिकेत कॉलेजात चार महिने शिकवूनही न आलेली जर्मन भाषा त्या एका सकाळी आली. पोरगी हुशार. वाक्यं तर उचललीच, वर आवाजाची पट्टीही उचलली. तिचे वर्गातले प्राध्यापक म्हणे हल्ली तिला घाबरून असत.

त्याच टेबलावर आणखी एक खरकटी बशी रोज पडून असायची. ती अल्मुटच्या एकुलत्या एका मुलाची, हाउकेची. पण हाउकेची गोष्ट वेगळी! तो विमा कचेरीत दिवसभर बसून बसून दमलेला असे. देवानं माणसाला हात दोन दिले, त्यातला एक तरी आईनं पोराला वापरू द्यावा. पण अल्मुटनं ती पाळीच त्याच्यावर येऊ दिली नव्हती.

आता हा हाउके तिशीला आला होता आणि लग्नाचं नाव नव्हतं. त्या गावची रीत अशी, की तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिलेल्या पुरुषानं वाढदिवशी नगरपालिकेच्या पायऱ्या झाडायच्या. मित्रांनी बाटल्यांची झाकणं पोत्यानं ओतायची, यानं झाडायची, त्यांनी पुन्हा ओतायची. कुणी बिनलग्नाची मुलगी गालाचा पापा घेईल तेव्हाच सुटका!

अल्मुटनं ती मुलगीही ठरवून ठेवली होती. फुलांच्या दुकानातली वीबके. सालस, कामसू, आणि तोंडानं जरा स्पष्ट.

"काकू, हाउके चांगला आहे हो," वीबके म्हणाली होती, "पण त्याला घरातलं काही येतं का? मला नवरा हवाय, कायमचा पाहुणा नकोय."

"अगं, सगळं येतं! वाढदिवसाला ये आणि डोळ्यांनी बघ, कसा झाडतो ते!"

वीबके दुकान बंद करून येते म्हणाली. झालं! अल्मुटला सनई ऐकू यायला लागली. रविवारच्या प्रार्थनेत तिनं देवालाही बजावून ठेवलं. हाउकेचा मित्र गेरिट याला ताकीद दिली, "वीबके येईपर्यंत झाकणं कमी पडता कामा नयेत." लॉरेलला फक्त एवढंच सांगितलं, "वर्ग सुटला की केक घेऊन नगरपालिकेपाशी ये." केक आणणारीला रीतभात सांगून काय करायचंय?

वाढदिवस उजाडला. हाउके डोक्यावर उंच काळी टोपी घालून, हातात चार काड्या उरलेला झाडू घेऊन पायऱ्यांवर उभा राहिला. मित्रांनी बोलावलेला पेटीवाला पेटी वाजवू लागला. हाउके झाडू असा धरत होता, जणू कुणाचं तरी तान्हं बाळ चुकून हाती आलंय!

"कमरेतून वाक रे!" अल्मुट खालून ओरडली.

एवढ्यात केक घेऊन लॉरेल आली. तिनं पाहिलं. एक बिचारा झाडतोय आणि दहा धटिंगण पोती रिकामी करताहेत! तिनं केक पायरीवर ठेवला, शिपायाच्या खोलीतून चांगला रुंद झाडू आणला आणि हाउकेला म्हणाली, "सरक!"

हाउके सरकला. नुसता सरकला नाही, बसला. बसल्यावर समोर केक दिसला. मग काय!

"अगं, नको! ठेव तो झाडू!" अल्मुट ओरडली.

"काम दिसलं की हात लावायचा, विचारत बसायचं नाही!" लॉरेल झाडता झाडता गरजली.

गेरिटनं घाबरून आणखी एक पोतं उपडं केलं. लॉरेल गर्रकन वळली.

"ही झाकणं काय पायांनी चालत जाणार आहेत? उचल! आणि तुम्ही सगळे उभे काय? हात गावाला गेलेत?"

ही सगळी पोरं लहानपणी अल्मुटच्या स्वयंपाकघरात याच आवाजात बोलणी खाऊन वाढलेली. आवाज ऐकताच दहाच्या दहा धटिंगण गुडघ्यांवर आले आणि झाकणं वेचू लागले. पेटीवाल्यानं पेटी थांबवून टोपीत झाकणं भरायला घेतली!

"लॉरेल, अगं ऐक तरी—"

"काकू, तुमचेही हात दिसत नाहीत मला!"

आणि अल्मुट चक्क वाकली. कसं कोण जाणे, पण त्या आवाजापुढे वाकण्याखेरीज दुसरं काही सुचेचना. दुसऱ्यांना तो कसा ऐकू येत असेल, याचा विचार तिनं जन्मात केला नव्हता.

नेमकी त्याच वेळी वीबके आली. हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ. पाहते तो काय! हाउकेचे मित्र वेचताहेत, पेटीवाला वेचतोय, परदेशी पोरगी झाडतेय, हाउकेची आई सुपली धरून वाकलीय. आणि सर्वांत वरच्या पायरीवर उत्सवमूर्ती केकचा तिसरा तुकडा खातेय.

"छान झाडता हो काकू!" वीबके म्हणाली. गुच्छ तिनं लॉरेलच्या हातात दिला आणि आल्या पावली परत गेली.

पायऱ्या लखलखीत. हाउके मात्र तिथंच अडकलेला! रीत म्हणजे रीत. पापा मिळाल्याशिवाय कुणाला घरी जाता येईना. शेवटी गर्दीतून काठी टेकत त्यार्क्सबाई पुढे आल्या. ऐंशीच्या, जन्मभर बिनलग्नाच्या, गावातल्या शाळेच्या जुन्या बाई.

"सरका! माझी कॉफी गार होतेय," असं म्हणून त्यांनी हाउकेच्या गालाचा पापा घेतला. ओठांची निम्मी लाली गालाला लागली, निम्मी कॉलरला. "तिसरीत याची चित्रं आई रंगवायची. तेव्हाही मीच याला पुढे ढकललं होतं!"

घरी येताना लॉरेल गुच्छ सांभाळत हळूच म्हणाली, "काकू, माझं काही चुकलं का?"

अल्मुटनं पायऱ्यांवरचं सगळं बोलणं आठवून पाहिलं. पोरीचं एकही वाक्य परकं नव्हतं. ओरडायचं तरी कशावर!

पण आता पुरे. आजपासून हाउकेलाही वळण! तिनं मनाशी पक्कं केलं. दारातच त्यानं शर्ट काढून तिच्या हातात दिला.

"आई, कॉलरला लाली लागलीय. उद्या हाच घालायचाय मला."

"तुझे हात काय..." अल्मुटनं कडाडून सुरुवात केली. पण वाक्य पुरं होईतो शर्ट बादलीत पडला होता, आणि ती कॉलरला साबण चोळत होती.