चार जादा सळया

आमचे परकार सर कुणाच्याही घरी गेले की यजमानाच्या आधी कॉलमची चौकशी करतात. चपला काढायच्या, कोपऱ्यातल्या कॉलमवर बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक करायचं, कान लावायचा आणि विचारायचं, "खैरियत?" मग मागं वळून, "हां, तुम्ही कसे आहात?" माझ्या लग्नात त्यांनी हॉलचे सगळे कॉलम असे वाजवून पाहिले. हे गृहस्थ जेवायला आलेत की हॉल विकत घ्यायला, असं माझ्या सासऱ्यांनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं.

सर पनवेलचेच, कोकणी मुसलमान. घरातले झाडून सगळे पुरुष आखातात गेले. हे एकटे इथं राहिले, इमारतींच्या मजबुतीची गणितं करत. मी कामोठ्याहून त्यांच्या ऑफिसात नोकरीला लागले तेव्हा तिथं नुकताच कम्प्युटर आला होता. एसी फक्त त्याच्या खोलीत. आम्ही माणसं पंख्याखाली. त्याआधी सर एका इमारतीचं गणित आठ-आठ दिवस पेन्सिलीनं करत. त्यामुळं त्या यंत्राला ते नव्या जावयासारखा मान देत, पण विश्वास म्हणाल तर काडीचा नाही.

तो अविश्वास मी लगेचच सार्थ केला. एका चार मजली इमारतीचं गणित मी यंत्रात घातलं. यंत्र वजन किलोत मागत होतं, मी टनांत दिलं. छापलेला कागदांचा गठ्ठा छान बांधून मी ऐटीत सरांपुढं ठेवला. सरांनी पहिलंच पान पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटा, हा कॉलम आहे की अगरबत्ती?"

"सर, कम्प्युटरनं काढलंय. तीन दशांश स्थळांपर्यंत आहे."

"तौबा! म्हणजे चूकसुद्धा किती काटेकोर!"

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर बिस्किटांचा एक रिकामा डबा आला. कायदा असा, की यंत्राचं बटण दाबण्याआधी प्रत्येकानं उत्तराचा आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. "आधी अंदाज, मग यंत्र. आपल्याला काहीच वाटत नसेल, तर त्याचं खोटं पकडणार कोण?" ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिली दोन वर्षं पनवेलातला तो चहावाला बहुधा माझ्याच जिवावर जगला. पण आजही एखादी तुळई पाहिली की आत किती लोखंड असेल ते माझ्या पोटाला आधी कळतं. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. मजेचे दिवस होते ते. चुका करायला तेव्हा वेळ होता.

आता ऑफिस मी चालवते. आमची स्नेहल अख्खी इमारत पडद्यावर उभी करते, बोटानं फिरवते, तिला भूकंपाचे धक्के देते आणि तेवढ्यात डबाही खाते. भिंत न फोडता आतल्या सळया दाखवणारा स्कॅनर आहे. कॉलममधून ध्वनिलहरी पाठवून आतला पोकळपणा सांगणारं यंत्र आहे. ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "मी हेच करतो. मला फक्त बॅटरी लागत नाही."

गेल्या वर्षी आमच्याकडं तपासणीला एक जुनी इमारत आली. तळ्याजवळची, तीन मजली. सरांनी तरुणपणी स्वतः गणित करून उभी केलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर राहतही तेच होते. पत्नी जकियाभाभी गेल्यापासून एकटेच. मुलगा दोह्याला. इमारत दुरुस्त करायची की पाडायची, ते आमचा अहवाल ठरवणार होता. हे काम घेऊच नये असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "दुसऱ्याकडं गेलं तर तो डबा ठेवेल का?"

स्नेहलनं प्रत्येक मजला स्कॅन केला आणि सरांसमोरच मला म्हणाली, "मॅडम, स्कॅनर बिघडलाय बहुतेक. सगळ्या गॅलऱ्यांत पाच-पाच सळया दाखवतोय, आणि सरांच्या गॅलरीत नऊ."

सर छताकडं बघू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस लाजतो तेव्हा त्याचे कान आधी लाल होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"यंत्र बरोबर आहे. टाक नऊ," ते म्हणाले. "आमचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. जकिया म्हणाली, गॅलरीत बारा कुंड्या ठेवीन. मातीच्या, पाणी घातलेल्या. पुस्तकात कुंड्यांचं वजन मिळेना."

"पण सर, बारा कुंड्यांना चार सळया जादा?"

"शौक वाढतो, बेटा."

मॉडेल तयार झालं. बटण दाबण्याआधी डबा फिरला. मी लिहिलं, 'दुरुस्तीनं भागेल.' अंदाज कसला, नवसच होता तो. यंत्रानं उत्तर दिलं: तळमजल्याचे कॉलम आतून गंजलेत, दुरुस्तीपलीकडं गेलेत. मग सरांची चिठ्ठी उघडली. 'खाली करा,' एवढंच होतं. मी चहा मागवला. सर पूर्ण कप प्यायले आणि म्हणाले, "अहवाल आजच दे. खाली मुलं खेळतात."

इमारत पाडली. सर करंजाड्याला भाड्याच्या घरात गेले. तिथल्या कॉलमांशी त्यांचं अजून फारसं जमलेलं नाही.

मध्ये एका शुक्रवारी नमाज आटपून ते ऑफिसात आले. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग स्नेहलच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले. "आमच्या इमारतीचं मॉडेल ठेवलंयस का पुसलंस?"

"आहे ना सर." तिनं उघडलं. तीन मजले पडद्यावर उभे राहिले, नवे असल्यासारखे.

"माझ्या गॅलरीवर कुंड्यांचं वजन टाक. बारा... नको, वीस धर. ओल्या मातीच्या."

तिनं टाकलं, बटण दाबलं. "काही होत नाही सर. केसभरसुद्धा वाकत नाही."

सर पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"जकियानं शेवटपर्यंत सहाच कुंड्या ठेवल्या," ते म्हणाले. "जेवताना मी रोज कुठली ना कुठली गॅलरी पडल्याच्या गोष्टी सांगायचो. ती घाबरायची. आवडलेलं रोपसुद्धा शेजारी देऊन टाकायची."

"पण सळयांचं तुम्ही भाभींना सांगितलं नव्हतंत?" मी विचारलं.

"लाज वाटायची गं. वाटलं, सांगू कधीतरी."

स्नेहलनं आणखी काही न विचारता आकडा पुसला आणि तिथं चाळीस लिहिलं. बटण दाबलं. गॅलरी जागची हलली नाही.