गवाआबांची तहान आणि बगळेसरांचा अभ्यास

एका जंगलात, बाळांनो, सिंहराजाचा एक दवाखाना होता. त्यात बारा खाटा होत्या आणि एकच माठ. खाटा आत भिंतीला लागून, माठ पार दाराशी. रुग्ण सगळे पाय मोडलेले. मग ते माठापर्यंत जायचे कसे, असले प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. ते शहाण्यांचं काम आहे.

एकटी सिस्टर टिटवी कुणाकुणाला पाणी पाजणार? माठ आत घेऊ द्या, म्हणून तिने राजाला तीन अर्ज केले. तिन्ही अर्ज एकच शेरा घेऊन परत आले : ‘पुरावा जोडावा.’

म्हणून बगळेसर संशोधनाला आले तेव्हा तिला कोण आनंद झाला! सर एका पायावर तासन्‌तास उभे राहून ऐकत. मध्ये बोलत नसत. इतकं ऐकून घेणारं कुणी असतं, हे पाहून टिटवीला भरूनच आलं.

सर आधी गवाआबांच्या खाटेशी गेले. संमतीपत्रावर आबांचा खूर उठवून घेतला.

“आबा, माठ लांब आहे. या अनुभवाबद्दल मोकळेपणाने सांगा.”

“तहान लागते.”

“हं. जरा खोलात जाऊन सांगाल?”

“लई तहान लागते.”

“आणि तेव्हा मनात काय येतं?”

“पाणी!” आबा ओरडले. सरांनी लिहून घेतलं : ‘थोडी शांतता. मग भावनांचा उद्रेक.’

टिटवी भांडं भरून धावली. सरांनी पंख आडवा घातला. “सिस्टर, मुलाखतीत हस्तक्षेप नको. माहिती बिघडते.”

बाराही जण तेच म्हणाले. सर खूश झाले. “आता नवीन काही निघत नाही. म्हणजे अभ्यास पूर्ण!” आणि ते लिहायला तळ्यावर गेले.

टिटवीला वाटलं, झाला की पुरावा. तिने दवाखान्यात ओझी उचलणाऱ्या हत्तीमामांना सांगून माठ खोलीच्या मधोमध आणवला. आबा पोटभर प्यायले आणि डाराडूर झोपले.

आठवड्याने सर परतले. लिहिलेलं रुग्णाला वाचून दाखवायचं आणि त्याचा होकार घ्यायचा, असा त्यांच्या शास्त्राचा नियम होता.

“आबा, आपण म्हणालात, लई तहान लागते. बरोबर?”

“छ्या! कसली तहान?”

बाराही जणांनी कानांवर हात ठेवले. सरांनी दीडशे पानी अहवाल काखोटीला मारला. ते तडक राजाकडे गेले. राजाने टिटवीवर ठपका ठेवला आणि हुकूम काढला : ‘अभ्यास चालू असेपर्यंत माठ जागचा हलवू नये.’ माठ पुन्हा दाराशी गेला.

टिटवी खूप रडली. मग डोळे पुसून तिने हुकूम परत वाचला. त्यात फक्त माठाचं नाव होतं.

“मामा,” ती म्हणाली, “खाटा ढकला दाराकडे.”

दुपारी सर आले, तर बारा खाटांचा माठाला वेढा पडलेला आणि रुग्ण गटागटा पाणी पिताहेत. आता नोकरी गेली, म्हणून टिटवीने डोळेच मिटून घेतले.

सरांनी मात्र एक पाय वर घेतला आणि नवी वही उघडली. “सिस्टर, आता कुणीही काही हलवायचं नाही हं! खाटा दाराकडे का सरकतात, यावर आजवर कुणीच काम केलेलं नाही!”

तो अभ्यास अजून चालू आहे. दार अडल्यामुळे राजासुद्धा तपासणीला खिडकीतून येतो.

तात्पर्य : तहानलेल्याला पाणी कधीही देऊ नये, आधी त्याला तहानेबद्दल विचारावं. पोटभर प्यायलेला रुग्ण शास्त्राच्या काही उपयोगाचा राहत नाही. पाणी देण्याची फारच खुमखुमी असेल, तर त्यावर एखादा अभ्यास सुरू करून द्यावा. मग ते बंद करायची कुणाची छाती होत नाही.