दहाव्याला सेमीफायनल

दहाव्याच्या पिशवीत मी ट्रान्झिस्टर टाकला, एवढंच माझं पाप. तीळ आणि दर्भाच्या पुड्यांखाली, पंच्यात गुंडाळून. लावणार नव्हतोच, नुसता जवळ असावा म्हणून घेतला. (निदान मुलुंडच्या स्मशानात पोचेपर्यंत तरी माझा तसा विचार होता.)

आता यात माझा तरी काय दोष? माझे सासरे भाऊ गेले सत्तावीस ऑक्टोबरला आणि त्यांचा दहावा आला बरोबर पाच नोव्हेंबरला. त्याच दिवशी वानखेडेवर वर्ल्ड कपची सेमीफायनल, आपली आणि इंग्लंडची. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा भाऊंनी मला विचारलं होतं, "आपली सेमीफायनल मुंबईत होईल की लाहोरला?"

"लाहोरलाच जावं लागणार, भाऊ," मी ठामपणे सांगितलं.

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडले. माझा अंदाज चुकला हे कळायला ते राहिले नाहीत, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

त्र्याऐंशीच्या फायनलला मी हेच केलं होतं. आपण एकशे त्र्याऐंशीत आउट झालो तेव्हा मी भाऊंना म्हणालो, "आता काही खरं नाही, झोपा तुम्ही." भाऊ झोपले. फटाक्यांनी जागे झाले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर ते माझ्याशी एकदम गणपतीतच बोलले. (आणि बोलले ते असं : "जावईबापू, एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.") पुढचा वर्ल्ड कप आपण जिंकताना बघितल्याशिवाय मी मरत नाही, असं म्हणत म्हाताऱ्याने चार वर्षं काढली आणि ऐन वेळी थोडेच दिवस कमी पडले.

भाऊंना मुलगा नाही. शुभा एकुलती एक, म्हणून पिंड माझ्या हातून. आमच्याबरोबर शुभाचे मार्तंडमामा होते, आणि गुरुजी. पिंड मांडले, हात जोडले आणि मागे सरकलो. समोरच्या पिंपळावर आठ-दहा कावळे बसले होते. एकही खाली येईना. पाऊण तास झाला.

"भाऊजी, तुमच्या सुगंधाताईला आम्ही काही कमी पडू देणार नाही," मामा म्हणाले. भाऊंच्या विधवा बहिणीची काळजी त्यांना असणारच. कावळे ढिम्म.

"भाऊ, मी तंबाखू सोडतो," मी म्हणालो. त्यावर एक कावळा उठला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून शिववू या. चालतं तसं."

"नाही," शुभा म्हणाली. "खरा कावळा शिवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. भाऊंचं काहीतरी राहिलंय." दहा दिवस रडून तिचे डोळे सुजले होते. ते बघून मला स्वतःच जाऊन पिंडाला चोच मारावीशी वाटली.

काहीतरी करायचं म्हणून मी आणखी तीळ घ्यायला पिशवीत हात घातला. कुठलंतरी बटण फिरलं.

"और ये चार रन!" पिशवी ओरडली.

शुभाने माझ्याकडे असं पाहिलं, की तिथेच शेजारच्या चितेवर जागा आहे का बघावं.

"कोणाचे?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"इंग्लंडचे."

"वाट लागली," गुरुजी म्हणाले आणि घाईघाईने विष्णूचं नाव घेतलं.

मामांनी मात्र कपाळावर हात मारला. "अरे शरद, त्यांचा जीव मॅचमध्ये अडकलाय! सांग त्यांना, आपण जिंकणार म्हणून."

"पण मामा, ते स्वीपवर स्वीप मारतायत..."

"तू सांग रे!"

मी पुढे झालो. शुभाने डोळे मिटले होते. मी हात जोडून खणखणीत आवाजात म्हणालो, "भाऊ, आज आपण जिंकणार. फायनलही जिंकणार. हा माझा शब्द."

"फायनलचं कोणी सांगितलं होतं बोलायला?" मामा कुजबुजले. पण तोवर एक कावळा झेपावला होता आणि पिंडाला शिवलासुद्धा. शुभा हुंदके देऊन रडली. मलाही भरून आलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, भाऊंनी माझा शब्द पहिल्यांदाच मानला होता.

घरी टीव्हीवर चादर टाकलेली होती. तेराव्यापर्यंत तो लावायचा नाही, असं सुगंधाआत्यांनी बजावलं होतं. त्यामुळे मी मॅच बिल्डिंगच्या आवाजावर ऐकली. दुपारभर आरोळ्या येत होत्या. प्रत्येक आरोळीला मी भाऊंसाठी लावलेल्या दिव्याकडे बघून मान डोलवायचो. मग आरोळ्या कमी झाल्या आणि वरून, खालून, समोरून नुसतंच "अरे यार!" ऐकू यायला लागलं. शेवटी जिन्यात कोणीतरी म्हणालं, "पंधरा रनांत पाच विकेटी घालवल्या. पस्तीस रननी हरले."

सगळी बिल्डिंग गप्प झाली. दहा दिवस आमच्याच घरात असलेलं सुतक आता चारही मजल्यांवर पसरलं. मी दिव्याकडे पाठ करून बसलो. तिकडे बघायची माझी छातीच होईना.

शुभा चहा घेऊन आली. "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"शुभा, मी भाऊंना फसवलं गं," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेले ते. आता काय वाटत असेल त्यांना?"

शुभा दहा दिवसांत पहिल्यांदाच हसली.

"मनाला लावून घेऊ नका एवढं. कावळा तुमच्या शब्दावर नव्हता आला."

"म्हणजे?"

"तुम्ही तोंड उघडायच्या आतच मी डोळे मिटून भाऊंना सांगितलं, यांचं काही ऐकू नका. भाऊ, तुमचा जीव कोणात अडकलाय ते मला ठाऊक आहे. यांना मी सांभाळते, तुम्ही बिनघोर जा." तिने कप माझ्या हातात दिला. "तेव्हा कुठे उठला बिचारा."