त्र्यंबकआबांचा पंप

ज्या दिवशी ईश्वरीला इन्सुलिनचा पंप लावायचा होता, त्या दिवशी तो आधी त्र्यंबकआबांनी लावून घेतला.

आबांना साखरेचा आजार नव्हता. तो त्यांच्या नातीला होता, सातवीतल्या ईश्वरीला, टाईप वन म्हणतात तो. रोज इंजेक्शनं घेऊनही तिची साखर वर-खाली होत राहायची, म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांनी पंप सुचवला. देऊळघाटात मी आबांचा शेजारी. दवाखान्यात इंग्रजी बोलले तर आपला एक माणूस असावा, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. तिथं सगळे मराठीत बोलले.

सिस्टरांनी यंत्र टेबलावर ठेवलं. काडेपेटीहून थोडं मोठं. ते कमरेला लावायचं. त्याची बारीक नळी पोटावरच्या पट्टीखाली कातडीत जाते. दिवसभर त्यातून थोडं थोडं इन्सुलिन जात राहतं. शिवाय जेवणाआधी, जेवढं खाणार असू तेवढ्याचं बटन दाबायचं, आणि दाबलं की लगेच जेवायचं.

"मंजे ठिबक हाये," आबा म्हणाले. त्यांचा जन्म वांगी-टमाट्यांत गेला होता. "इंजेक्शन मंजे पाटानं पानी सोडनं. हे बरं."

ईश्वरी मान खाली घालून बसली होती. "मले नाही लावायचं. पोरी इचारतीन, काय लटकवून राह्यली म्हणून."

सिस्टर म्हणाल्या की सवयीसाठी सुरुवातीला यंत्रात नुसतं मिठाचं पाणी भरतात. घरचं कुणीही तसंच दुसरं यंत्र आठवडाभर लावून पाहू शकतं.

"मंग आधी मले लावा."

"आबा, तुम्हाला शुगर आहे?"

"नाही. पन नात हाये."

सुई टोचली तेव्हा आबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो मी इथे लिहीत नाही. ईश्वरी मात्र हसली, आणि हसता हसताच तिनं लावून घेतलं. निघताना तिनं अट घातली. "एकीनं जरी चिडवलं ना आबा, तर मी काढून टाकीन."

आबा "बरं" म्हणाले.

आठवड्यानं मिठाच्या पाण्याचे दिवस संपले. ईश्वरीच्या पंपात खरं इन्सुलिन आलं, आणि आबांचा पंप दवाखान्याला परत गेला. चार दिवस आबा घरातच काहीतरी खुडबुड करत होते. पाचव्या दिवशी बाहेर आले ते सदरा खोचून, आणि कमरेला चुन्याची डबी अडकवून. स्टीलची, घासून लख्ख केलेली. डबीला भोक पाडून सलाइनची नळी बसवली होती आणि नळीचं दुसरं टोक पोटावर चिकटपट्टीखाली.

"आबा, हे काय?" पारावरच्या एकानं विचारलं.

"मशीन."

"कायची?"

आबांना हेच हवं होतं. ते ठिबकपासून सुरुवात करायचे आणि इन्सुलिनपर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागायचा. ऐकणारा उठू लागला तर त्याचा हात धरायचे. महिन्याभरात गावात पंप म्हणजे काय हे ठाऊक नसलेलं माणूस उरलं नाही, आणि ईश्वरीला वाटेत अडवून तेच पुन्हा विचारण्याची कुणाला हिंमत राहिली नाही.

"बटन दाबलं म्या" हे त्यांचं पालुपद झालं. कुणी फावडं मागायला आलं, कुणी सोसायटीच्या बैठकीत थांबायचा आग्रह केला, की आबा डबीवर बोट ठेवायचे. "बटन दाबलं म्या. आता थांबता येत नाही." आणि निघायचे. एकदा शेगावच्या बसमध्ये ईश्वरीचा पंप वाजला. चार माना वळल्या. आबांनी आपल्या डबीवर चापट मारली. "थांब बे, उतरायचंच हाये आता." माना आबांकडे वळल्या, आणि तिथेच राहिल्या.

मलाही हा म्हाताऱ्याचा छंदच वाटायचा. साखरखेर्ड्याच्या लग्नापर्यंत.

पंगत बसली होती. पानं वाढून झाली, ईश्वरीनं बटन दाबलं. तेवढ्यात माईकवरून सांगितलं की व्याह्यांकडचे मोठे पाहुणे वाटेत आहेत, ते येईपर्यंत कुणी जेवायला सुरुवात करू नये. सगळे हात मांडीवर गेले. ईश्वरीचाही गेला. इन्सुलिन तर पोटात गेलं होतं. आता अन्न गेलं नाही तर साखर उतरणार, हे ती जाणत होती. पण दोनशे माणसांत पहिला घास घ्यायचा कसा? थोड्या वेळानं तिच्या ओठावर घाम दिसला.  दुसरा हात कुडत्याखाली पंपाकडे गेला होता, काढून टाकावा तसा.

आबांनी मूठभर बुंदी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी खायला सुरुवात केली.

यजमानांचे थोरले भाऊ धावत आले. "आबा, पाव्हने येऊन राह्यले. कायची घाई?"

"येऊ द्या. बटन दाबलं म्या."

"म्हाताऱ्यानं जल्मात बुंदी पाह्यली नसन," मागून कुणी तरी म्हणालं, आणि मांडव हसला. आबा तोंड भरून चावत होते. मी त्यांच्या शेजारी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"खाय, इशू. हसून राह्यले तोवर खाय."

ती जेवली. पंप कमरेलाच राहिला.

गेल्या हिवाळ्यात आबा झोपेत गेले. अंगणात त्यांना आंघोळ घालताना पोटावरची पट्टी मी सोडवली. खालची कातडी लाल होती, फोड आलेले होते. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, जुन्या पट्ट्यांचे चौकोनी डाग. दर तीन दिवसांनी पट्टीची जागा बदलायची असं सिस्टरांनी ईश्वरीला सांगितलं होतं. आबाही बदलत होते. ती चिकटपट्टी त्यांना सोसत नव्हती. घरात हे कुणाला माहीत नव्हतं.

डबी आता त्यांच्या खुंटीला आहे. ईश्वरी नववीत आहे. तिच्या कमरेला पंप आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, आणि ठिबकपासून सुरुवात करते.